चाळिशीतला लिडस्ट्रॉम

आइस हॉकीतल्या नामांकित बचावपटूंच्या गाजलेल्या क्षणांच्या फिती पाहायला बसलं, की बहुतेक वेळा आदळाआपटच पाहायला मिळते. न्यू जर्सीचा स्कॉट स्टीव्हन्स दबा धरून उभा आहे, समोरचा मान खाली घालून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सांभाळत येतोय, आणि मग खांदा असा काही बसतो की अख्खं प्रेक्षागृह उसळतं. डेट्रॉइट रेड विंग्जच्या निकलास लिडस्ट्रॉमची अशी फीत काढायची म्हटली तर संकलक रडकुंडीला येईल. गोल मिळतील. वीस हंगामांत २६४ केलेत त्याने. पण ज्या कामासाठी त्याला संघात घेतलं होतं, त्या बचावाचं काय दाखवणार? प्रतिस्पर्धी आत शिरणार होता, शिरला नाही. पास जाणार होता, गेला नाही. जे घडलंच नाही त्याची फीत निघत नाही.

त्यामुळे त्याच्या खेळाची गोडी लागायला वेळ लागतो. आणि माझं मत असं, की ती गोडी त्याच्या ऐन तारुण्यातल्या खेळापेक्षा पस्तिशीनंतरच्या खेळात जास्त आहे. तरुण बचावपटू चुकला तरी पाय त्याला सावरून घेतात. त्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे आपल्याला कळतच नाही. पाय मंदावले की ही झाकपाक संपते. मग त्याच्या डोक्यात काय चाललंय ते बर्फावर उघड दिसू लागतं.

ओळख थोडक्यात उरकतो. जन्म १९७० चा, स्वीडनमधला. व्हेस्टेरोसच्या क्लबात वाढला. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या लीगच्या १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डेट्रॉइटने त्याला तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर उचललं. म्हणजे त्याच्याआधी ५२ पोरं निवडली गेली होती. १९९१ मध्ये तो अमेरिकेत आला आणि २०१२ पर्यंत एकाच संघाकडून १,५६४ सामने खेळला. लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप चार वेळा: १९९७, १९९८, २००२ आणि २००८. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक सात वेळा. यातला पहिला नॉरिस मिळाला तेव्हा त्याची एकतिशी उलटली होती. पुष्कळांच्या घसरणीला जिथे सुरुवात होते, तिथे याच्या करंडकांना सुरुवात झाली.

आता बर्फावर येऊ. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. दोन्हीकडून पाच-पाच स्केटर आणि एकेक गोलरक्षक. पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाकावर परतायचं, त्याला शिफ्ट म्हणतात. बचावपटूची खरी परीक्षा होते ती समोरचा एकटा पक घेऊन वेगाने अंगावर येतो तेव्हा. बचावपटू उलटा स्केटिंग करत मागे सरकत असतो. फार मागे सरकला तर समोरच्याला नेम धरायला ऐसपैस जागा मिळते. फार लवकर थांबला तर तो बगलेतून निसटतो. दोघांमधलं हे अंतर राखणं म्हणजेच बचावपटूची विद्या.

लिडस्ट्रॉम हे अंतर कसं राखायचा ते जरा निरखून पाहण्यासारखं आहे. स्टिक एका हातात, पातं बर्फाला टेकलेलं, हात सैल. अंग रिंकच्या मधल्या बाजूला, कडेची बाजू मोकळी सोडलेली. समोरच्याला ती मोकळी जागा दिसते. तो तिकडे वळतो, वेग वाढवतो. लिडस्ट्रॉम घाई करत नाही, त्याच्याबरोबर तिरपा सरकत राहतो. दोन-तीन ढांगांतच त्या गड्याच्या लक्षात येतं, की आपल्याला मिळाली ती वाट नव्हती, बोळ होता. एका अंगाला बोर्ड, दुसऱ्या अंगाला लिडस्ट्रॉम, आणि समोर गोलचा कोन इतका अरुंद की मारून उपयोग नाही. एवढ्यात स्टिकचं टोक पुढे येतं, पकला एक टिचकी बसते, आणि पक डेट्रॉइटच्या दुसऱ्या खेळाडूकडे निघून जातो. टक्कर नाही, पडापड नाही. पुष्कळदा तर ज्याचा पक गेला तो त्याच वेगात पुढे जात राहतो. काय झालं हे त्याला वळून पाहिल्यावर कळतं.

हे बळ वापरून होत नाही. सहा फुटांवर इंचभर उंच असलेला हा माणूस या खेळाच्या मानाने काही आडदांड नव्हता. हे होतं ते समोरच्याने निवड करण्याआधी त्याच्या निवडी कमी करून टाकल्यामुळे. क्रिकेटमध्ये कव्हरला एखादा क्षेत्ररक्षक असा असतो, की त्याला सूर मारताना आपण क्वचितच पाहतो. बॅट खाली येतानाच तो दोन पावलं सरकलेला असतो, त्यामुळे चेंडू त्याच्या हाताशी येतो आणि टाळ्या पडतात शेजारी सूर मारणाऱ्याला. लिडस्ट्रॉमचं सगळं आयुष्य त्या दोन पावलांवर उभं होतं.

त्याचा सोबती ख्रिस चेलिओस याचा अगदी उलटा. तोही थोर, तोही चिवट. अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत लीगमध्ये टिकला. १९९९ ते २००९ अशी दहा वर्षं दोघे डेट्रॉइटच्या एकाच खोलीत बूट बांधत होते. चेलिओसची कारकिर्दीतली शिक्षेची, म्हणजे नियमभंगासाठी बाहेर बसण्याची, मिनिटं २,८९१. लिडस्ट्रॉमची ५१४. सामन्यामागे हिशेब काढला तर लिडस्ट्रॉमचे वीस सेकंदही भरत नाहीत. जो माणूस रोज रात्री प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत धोकादायक खेळाडूंसमोर उभा केला जातो, त्याने त्यांना इतक्या कमी वेळा धरावं, पाडावं किंवा अडकवावं, हे नुसतं सभ्यपणाचं लक्षण नव्हे. धरावं लागतं ते उशीर झाल्यावर. याला उशीरच होत नसे.

सभ्य खेळासाठी लीगमध्ये लेडी बिंग नावाचा करंडक आहे. तो लिडस्ट्रॉमला एकदाही मिळाला नाही. डेट्रॉइटच्याच रेड केलीला १९५४ मध्ये मिळाल्यानंतर तब्बल ५८ वर्षं एकाही बचावपटूला तो दिला गेला नव्हता. अखेर २०१२ मध्ये दिला गेला तो फ्लोरिडाच्या ब्रायन कॅम्पबेलला, आणि तेही नेमकं लिडस्ट्रॉमने निवृत्ती घेतली त्या वर्षी. मतदारांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडीच.

त्याच्या उत्तरार्धाची गोष्ट मात्र खरी सुरू होते २००५ मध्ये, आणि ती सुरू होते नियमांपासून. मालक आणि खेळाडूंच्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला. लीग परत सुरू झाली तेव्हा पंचांना ताकीद मिळाली होती, की स्टिक अडकवणं, हाताने ओढून धरणं, वाटेत आडवं येणं यांना आता माफी नाही. हे नियम पुस्तकात आधीही होते, पण नव्वदच्या दशकात सगळ्यांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला होता. मंदावलेले अनेक बचावपटू या काणाडोळ्यावरच जगत होते. शिवाय मधल्या लाल रेषेपलीकडे लांब पास देण्यावरची बंदीही उठली. खेळ एकदम वेगवान झाला. पस्तिशीतल्या बचावपटूंसाठी ही वाईट बातमी होती. काही जण त्या एक-दोन वर्षांतच हरवून गेले.

लिडस्ट्रॉम तेव्हा पस्तीस वर्षांचा. त्या हंगामात त्याने गोल आणि गोलसाठीचे पास मिळून ८० गुण केले, कारकिर्दीतले सर्वाधिक. नॉरिस मिळाला. पुढच्या वर्षीही मिळाला, त्याच्या पुढच्याही वर्षी मिळाला. कारण उघड आहे: इतरांच्या हातून जे काढून घेतलं गेलं, ते याने कधी वापरलंच नव्हतं. आणि लांब पासची वाट उघडल्यावर त्याच्या दुसऱ्या गुणाला मोकळं रान मिळालं. स्वतःच्या गोलमागून पक उचलून तो पहिलाच पास असा द्यायचा, की घेणाऱ्याला वेग कमी करावा लागत नसे. पक स्टिकवर सपाट येऊन बसायचा, उडायचा नाही. त्याचे सोबती पावेल दात्सुक आणि हेन्रिक झेटरबर्ग यांच्या करामती जगाने पाहिल्या. त्यांतल्या कितीतरी या एका बिनआवाजी पासपासून सुरू झाल्या होत्या, हे पाहायचं असेल तर फीत आठ-दहा सेकंद मागे न्यावी लागते.

त्याच मोसमात फेब्रुवारी २००६ मध्ये ट्यूरिनला ऑलिंपिकचा अंतिम सामना झाला, स्वीडन विरुद्ध फिनलंड. बरोबरी २-२. तिसरं सत्र सुरू होऊन जेमतेम दहा सेकंद झाली असतील, एवढ्यात लिडस्ट्रॉमचा फटका जाळ्यात गेला. तेवढ्यावर स्वीडनने सुवर्णपदक घेतलं. हा फटका त्याच्या फटक्यांमध्ये थोडा वेगळा, कारण यात चक्क जोर आहे.

एरवी तो जोरासाठी मारायचाच नाही, आणि ही माझी फार आवडती गोष्ट आहे. ब्लू लाइनवरून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा भाग सुरू होतो त्या रेषेवरून, दणदणीत स्लॅपशॉट मारणं ही बचावपटूंची हौस. पक कुणाच्या तरी नडगीला लागतो आणि उलटा हल्ला सुरू होतो. लिडस्ट्रॉमचा फटका खालून जायचा, मध्यम वेगाने, समोरच्या पायांच्या जंगलातली फट हेरून. गोलरक्षकाच्या तोंडासमोर त्याचा सोबती टोमास होल्मस्ट्रॉम पाठ करून उभा असायचा, मार खात. पक त्याच्या स्टिकला चाटून दिशा बदलायचा. आणि कधी कधी तर लिडस्ट्रॉम मुद्दाम चुकवायचा! डेट्रॉइटच्या जुन्या जो लुईस अरीनामध्ये गोलमागच्या बोर्डांना विलक्षण उसळी होती. लिडस्ट्रॉम नेम धरायचा तो गोलच्या बाजूला, या बोर्डांवर. पक आदळून दुसऱ्या अंगाने गोलच्या तोंडाशी परत यायचा, तिथे डेट्रॉइटचा गडी वाट पाहत असायचा, आणि गोलरक्षक मात्र फटका जिकडून गेला तिकडेच सरकलेला. प्रथमच पाहणाऱ्याला वाटतं, नशीब बरं होतं. चौथ्या-पाचव्यांदा तेच घडलं, की मनातल्या मनात हसू येतं. घरच्या भिंतीचा स्वभाव इतका ओळखणारा खेळाडू विरळा.

अजून एक बारकावा. प्रतिस्पर्धी संकटातून सुटण्यासाठी पक उंच उडवून बाहेर घालवतात. ब्लू लाइनवर उभा असलेला लिडस्ट्रॉम तो हवेतच स्टिकने खाली पाडायचा आणि पुन्हा आत ढकलायचा. समोरचे पाच जण बाकाकडे निघायच्या बेतात असायचे, दमलेले. त्यांना परत फिरावं लागायचं. त्यांच्या पायांत राहिलेलं त्राण असं संपायचं. या क्षणाला ना गोल म्हणून किंमत, ना पास म्हणून.

२००६ मध्ये स्टीव्ह आयझरमन निवृत्त झाला. त्याची वीस वर्षांची कप्तानी लिडस्ट्रॉमकडे आली. बोलका नेता तो नव्हताच. २००८ च्या जूनमध्ये पिट्सबर्गला हरवून डेट्रॉइटने स्टॅन्ली कप घेतला, आणि युरोपात घडलेला कप्तान प्रथमच तो कप उचलत होता. डोक्यावर धरून झाल्यावर कप्तान तो कुणाच्या हाती देतो, याकडे हॉकीवाल्यांचं बारीक लक्ष असतं. लिडस्ट्रॉमने दिला डॅलस ड्रेकच्या हाती. ड्रेक १९९२ मध्ये याच संघातून लीगमध्ये आला, मग गावोगाव फिरला, उतारवयात परतला. तोवर त्याला कप कधीच मिळाला नव्हता, आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. कप्तानाने इथेही समोर काय होणार आहे ते आधी पाहून ठेवलं होतं, असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी नेमके हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर. त्याआधी शिकागोविरुद्धच्या मालिकेत एका स्टिकचा वार लिडस्ट्रॉमला नको तिथे बसला होता. शस्त्रक्रिया झाली, दोन सामने हुकले. संघाने कळवलं, ‘शरीराच्या खालच्या भागाला दुखापत’. हॉकीतली ही ठरलेली भाषा यापेक्षा अचूक कधी नसेल. अंतिम मालिकेला तो उभा होता. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, १२ जून २००९, घरच्या मैदानावर. डेट्रॉइट १-२ ने मागे. शेवटची सहा-साडेसहा सेकंदं, पिट्सबर्गच्या गोलसमोर फेसऑफ. झेटरबर्गचा फटका अडला, पक सुटून डाव्या अंगाला आला. आणि तिथे, जिथे बचावपटूने त्या क्षणी असायचं काहीच कारण नाही, तिथे लिडस्ट्रॉम होता. समोर जवळजवळ उघडा गोल. त्याने मारलं. गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लुरीने अख्खं अंग झोकून दिलं, पक त्याच्या अंगावर आपटला, आणि भोंगा वाजला.

हा क्षण फ्लुरीचा म्हणून ओळखला जातो आणि ते रास्तच आहे. पण पाहताना माझी नजर दरवेळी दुसरीकडे जाते. एकोणचाळीस वर्षांचा, महिनाही न झालेल्या शस्त्रक्रियेतून उठलेला माणूस ब्लू लाइन सोडून आत सरकतोय. झेटरबर्ग मारण्याआधीच सरकलाय. पक कुठे सुटणार हे त्याने वाचलंय. वाचन बरोबर होतं, जागा बरोबर होती. फटका थोडा उंच गेला असता तर? हा प्रश्न डेट्रॉइटवाल्यांनी बरीच वर्षं चघळला. पण वाचनाबद्दल तक्रारीला जागा नाही.

मग चाळिशी. २०१० च्या डिसेंबरात, सेंट लुईसविरुद्ध, त्याने कारकिर्दीतली पहिली हॅटट्रिक केली. इतक्या वयात ती करणारा दुसरा बचावपटू नव्हता. त्या हंगामात तो सगळे ८२ सामने खेळला, १६ गोल आणि ४६ पास असे ६२ गुण केले, आणि २०११ च्या जूनमध्ये सातवा नॉरिस घेतला. वय एक्केचाळीस. बॉबी ऑरचे आठ, डग हार्वीचे सात. आता हा हार्वीच्या शेजारी.

या सातव्या नॉरिसबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण कौतुकाच्या भरात लोक ते गुळगुळीत करतात. प्लस-मायनस म्हणून एक आकडा असतो: तुम्ही बर्फावर असताना समसमान खेळाडूंच्या खेळात आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. लिडस्ट्रॉमची कारकिर्दीची बेरीज अधिक ४५०. आणि ज्या वर्षी त्याला सातवा नॉरिस मिळाला, त्या एकाच वर्षी हा आकडा शून्याखाली गेला, उणे दोन. नॅशव्हिलचा शे वेबर त्या वर्षी अगदी थोडक्या मतांनी मागे राहिला. निव्वळ बचाव पाहिला तर तो करंडक वेबरला गेला असता तरी मी हरकत घेतली नसती. मतदारांनी त्या वर्षाबरोबर आधीची वर्षंही मोजली, हे लपत नाही.

पण रसिकाने पाहावा तो हंगाम हाच. आता कडेचा बोळ बांधता बांधता समोरचा कधी कधी खरोखर निसटतो. त्या गड्याचा वेग आणि लिडस्ट्रॉमचा अंदाज यांच्यातली शर्यत दर रात्री चालू आहे, आणि अंदाज दर वेळी जिंकत नाही. मग तो काय करतो? ब्लू लाइनवर उभं राहणं थोडं सोडतो, एक ढांग आधी मागे निघतो. जोडीदार वर गेला की हा आपला मोह आवरतो. पॉवरप्लेवर, म्हणजे समोरचा गडी शिक्षेत बाहेर असताना, पक हातात ठेवण्याचा वेळ कमी करतो: येतो, बघतो, देतो. वयाने जे घेतलं त्याची भरपाई जास्त धावून करायची नाही, हा त्याचा निश्चय त्या फितींमध्ये स्पष्ट वाचता येतो. माझ्यासारख्याला, ज्याच्यासाठी डेट्रॉइटची संध्याकाळ म्हणजे इथली भल्या पहाटेची वेळ, डोळे चोळत तो पाहायला हीच वर्षं योग्य. निर्दोष लिडस्ट्रॉमपेक्षा हिशेब जुळवणारा लिडस्ट्रॉम जास्त शिकवतो.

म्हणूनच सोबत्यांनी त्याला दिलेलं ‘परफेक्ट ह्यूमन’ हे टोपणनाव मला खटकतं. प्रेमाने दिलं असेल, पण त्यात असं ध्वनित होतं, की हे सगळं त्याला आयतं मिळालं होतं. पहाटे उठून पाहणाऱ्याला तरी ते आयतं वाटत नाही.

२०११-१२ मध्ये आधीचा जोडीदार ब्रायन राफाल्स्की निवृत्त झालेला, जोडीला नवा गडी. घोट्याला मुका मार बसला आणि सामने हुकले, जे त्याच्या बाबतीत क्वचितच घडलं होतं. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत नॅशव्हिलने डेट्रॉइटला पाच सामन्यांत गुंडाळलं. ३१ मे २०१२ रोजी त्याने थांबत असल्याचं सांगितलं. कारण दिलं ते साधं: या पातळीवर खेळायला लागते ती ओढ आता तेवढी राहिलेली नाही. बेचाळीस वर्षांचा होता. तो खेळला त्या प्रत्येक हंगामात संघ प्लेऑफमध्ये पोहोचला होता. प्लेऑफचेच सामने २६३ झाले, म्हणजे तीन पूर्ण हंगामांहून अधिक.

त्या उन्हाळ्यात त्याची जागा भरायला डेट्रॉइटने नॅशव्हिलच्या रायन सूटरसाठी जंग जंग पछाडलं. सूटरने ४ जुलैला मिनेसोटाशी तेरा वर्षांचा, ९ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. डेट्रॉइटने मग हाताशी होते त्यांच्यातूनच पहिली जोडी लावली. ती वाईट नव्हती. त्या जोडीच्या दणकेबाज टकरींच्या फिती तर भरपूर निघाल्या.